गणपतीत ह्यांनी दारू बंद केली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे झटका आला

पोळीतली_सून

बरीच वर्षं ह्या मराठी फोरमवर वाचनमात्र आहे. उकडीच्या धाग्यावर एकदा प्रतिसाद दिला होता, तेवढाच. आज लिहितेय कारण माहेरी कळवायचं नाही असं ठरलंय. (कुणी ठरवलं? मीच.)

आम्ही बडोद्याचे. हे तीन पिढ्यांचे बडोदेकर, मी लग्न होऊन नाशिकहून आले. दांडिया बाजारात एका पोळीत, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्लीत, जुनं घर, वर गच्ची, खाली सासूबाईंची खोली. ह्यांचं वय ४६, मकरपुऱ्याला एका कारखान्यात सुपरवायझर. पिणं पंधरा-सोळा वर्षांचं. आधी शनिवारचं, मग रोजचं, आणि गेली चार वर्षं सकाळी दात घासायच्या आधी दोन घोट. नाहीतर हात थरथरतात, दाढी करता येत नाही.

महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना वाटतं, गुजरातमध्ये दारूबंदी, म्हणजे तुम्ही बायका सुखी. अगं, इथे रात्री दूध संपलं तर सकाळची वाट बघावी लागते. बाटली मात्र रात्री बारालाही दारात येते. दुप्पट भावात, एवढाच फरक.

यंदा गणपतीआधी मी हात जोडले. म्हटलं, गौरींसकट पाच दिवस गणपती आहेत घरात, तेवढे दिवस तरी नको. आणि ह्यांनी पाळलं हो. हरतालिकेच्या संध्याकाळी शेवटची घेतली आणि बंद. मला इतका आनंद झाला की मी जास्तीचे एकवीस मोदक केले.

चतुर्थीला दुपारी पूजा करताना दूर्वा हातातून गळत होत्या. सासूबाई म्हणाल्या, उपास सोसला नाही. संध्याकाळी घामाने सदरा भिजलेला. आरतीच्या वेळी हे नैवेद्याच्या ताटावरून सारखं काहीतरी झटकत होते. म्हणाले, मुंग्या. मी वाकून बघितलं, मुंगी नव्हती. रात्रभर येरझाऱ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीच्या दारात पडले, अंग ताठ, तोंडाला फेस.

जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दारू घेतात का? सासूबाई ताडकन म्हणाल्या, "छे, आमच्यात नाही. आणि गुजरातमध्ये कुठली दारू!" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. डोक्यात एकच, पोलीस केस होईल, नोकरी जाईल. मग मिरगी समजून डोक्याचा स्कॅन, आणखी कसल्या कसल्या तपासण्या, यात दुपार झाली. तोवर हे मला ओळखेनासे झाले होते. पलंगावरून उठून कारखान्यातल्या माणसांना हाका मारत होते.

शेवटी माझा दहावीतला मुलगा डॉक्टरांच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेला आणि म्हणाला, "पप्पा रोज पितात. बाटली गच्चीवर टाकीमागे असते. परवापासून बंद आहे."

त्यानंतर सगळं भराभर झालं. चार दिवस आयसीयू. डॉक्टर नंतर मला एवढंच म्हणाले की अजून एक रात्र अशीच गेली असती तर सांगता आलं नसतं. गणपती शेजाऱ्यांनी विसर्जन केले.

आता पाचवा आठवडा. हे घरी आहेत, गोळ्या चालू आहेत, घेत नाहीत. बाहेर गरब्याचे ढोल वाजताहेत आणि मी हे लिहितेय. सासूबाई म्हणतात, बरा झाला, आता गोळ्या कशाला. नणंदेने एक पावडर आणून दिलीय, चहातून कळू न देता द्यायची, दारूची किळस बसते म्हणे. आणि मुलगा बापाशी बोलत नाही, बाप मुलाशी बोलत नाही. काय करू? पोलिसांची भीती अजूनही आहेच.

---

रातराणी

ताई, वाचून हात गार पडले. आधी ती पावडर लपवून ठेवा. बाकी जाणकार सांगतीलच.

---

मनोमन

मी मानसोपचारतज्ज्ञ, पुण्यात. रुग्ण न पाहता उपचार सांगत नाही, पण काय झालं ते समजावू शकतो.

वर्षानुवर्षं रोज दारू घेणाऱ्याचा मेंदू म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याविरुद्ध वाकून चालणारा माणूस. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. वारा अचानक पडला की तो माणूस तोंडावर आपटतो. शेवटच्या पेयानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. झटका आला तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: मुंग्या, किडे, नसलेली माणसं, वेळकाळाचं भान नाही, ताप, नाडी पळते. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात माणूस दगावू शकतो. तुमच्या घरी हे वेळापत्रक जवळजवळ घड्याळ लावून घडलेलं दिसतंय.

सगळ्यांना असं होत नाही. पण सकाळी उठल्याबरोबर लागते, पूर्वी कधी झटका किंवा भ्रम झालाय, यकृत बिघडलंय, अशा माणसाची दारू घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी गोळी देऊन ती रोज थोडी थोडी कमी करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. दारुड्याला अशक्तपणा आला की लोक आधी ग्लुकोजची बाटली लावायला सांगतात. थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मृती जाते. तुमच्या मुलाने ते एक वाक्य सांगितलं म्हणून हे सगळं योग्य क्रमाने झालं.

पावडरबद्दल. अशा पुड्यांत काय असतं ते लिहिलेलं नसतं, काहींत डायसल्फिराम निघतं. ते उत्तम औषध आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तरच. त्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल, छाती धडधडते, उलट्या, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. ज्याला माहीतच नाही तो सावध कसा राहणार? कळू न देता देणं धोक्याचं आहे आणि फसवणूकही आहे. आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ते घरातला चहासुद्धा पिणार नाहीत.

गोळ्या कशाला, याचं उत्तर: झालं ते शरीरातलं विष उतरवणं. व्यसनाचा उपचार आता सुरू होतोय. ओढ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. ती सहसा सहा महिने ते वर्षभर चालतात, सोबत समुपदेशन. सासूबाईंना डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर विचारा, साखर नॉर्मल आली म्हणून बंद करतात का.

---

खडूस_म्हातारा

सगळ्यालाच आजार म्हणायची फॅशन आली आहे. बाटली काय उडत तोंडात जाते? आमच्या पिढीत मनाचा निग्रह नावाची चीज होती. आणि गुजरातची दारूबंदी नीट राबवली तर हे प्रश्नच उरणार नाहीत. डॉक्टर लोकांचा धंदा चालतो, दुसरं काय.

---

अकरावं_वर्ष

आजोबा, मी रेल्वेतला माणूस. अकरा वर्षं झाली घोट घेतला नाही. त्याआधीच्या एकोणीस वर्षांत निग्रह मी किमान दोनशे वेळा केला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून केला, शिर्डीला केला, डाकोरला केला. माझ्याइतका निग्रह करणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. ह्या ताईंच्या यजमानांनीही निग्रहच केला होता. त्या निग्रहानेच ते आयसीयूत गेले.

ताई, आता तुम्हाला एक विचारतो, राग मानू नका. टाकीमागे बाटली असते हे मुलाला माहीत होतं. तुम्हालाही होतं ना?

---

पोळीतली_सून

होतं.

सोमवारी सकाळी कारखान्यात फोन मीच करायचे. ताप आहे, पाठ धरलीय, सासूबाई पडल्या. एकदा तर माझ्या जिवंत मामांना मारलं. बाटली आणणाऱ्या पोराचे पैसे हे झोपलेले असले तर मीच द्यायचे, कारण तो जिन्यात उभा राहिला तर समोरचे बघतील. मी कधी कुणाला हे सांगितलेलं नाही.

---

अकरावं_वर्ष

माझी बायकोही हेच करायची. मला कळत नव्हतं की मी पडलो की खाली गादी तीच टाकते.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची आपसातली संघटना, १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळी संघटना, अल-अॅनॉन, १९५१ साली निघाली, कारण बायकांच्या लक्षात आलं की नवरा मीटिंगला जाऊन सुधारतोय आणि आपण मात्र अजून त्याचे खिसे तपासतोय. त्यांच्यात तीन गोष्टी घोकतात: हे मी घडवलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. माझी बायको म्हणते, पहिलीवर विश्वास बसायला तिला दोन वर्षं लागली.

मला स्वतःला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा उपयोग झाला. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. इथे गुजरातमध्ये गुजरातीत समुपदेशन मिळत होतं, मला गुजराती उत्तम येतं, भाव करायला आणि भांडायला. पण बापाबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा मराठीच तोंडात आली.

यजमानांना सांगा, पाचवा आठवडा फसवा असतो. अंग बरं वाटतं, भूक लागते, आणि मग वाटतं, आता एक चालेल. भूक, राग, एकटेपण, थकवा, यातलं काहीही असेल तर आधी ते मिटवायचं. मी खिशात शेंगदाणे ठेवायचो. हसू नका. संध्याकाळी साडेसहाला ओढ यायची, मूठभर शेंगदाणे खाल्ले की वीस मिनिटं निघायची. ओढ तेवढीच टिकते, वीस-तीस मिनिटं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर.

आणि घसरले तर? घसरू शकतात. मी तीनदा घसरलो. घसरलं की लपवायचं नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे.

---

लिंबूटिंबू

+१. वाचतेय. शेंगदाणे लक्षात ठेवले, माझ्यासाठी सिगारेटकरता.

---

काळा_कोट

पोलिसांच्या भीतीबद्दल. वकील आहे, पण हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

गुजरातेत १९४९चा दारूबंदी कायदा आहे, मुंबई राज्याचा होता, २०११ साली त्याचं नाव गुजरात दारूबंदी कायदा झालं. परवान्याशिवाय पिणं हा गुन्हा, हे खरं. पण दुसरा एक कायदा आहे जो लोकांना माहीत नसतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था घेतल्या आहेत. म्हणजे खडूसकाकांना फॅशन वाटते ती संसदेने मंजूर केली आहे. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. अपवाद आहेत, कोर्टाचा आदेश, कुणाच्या जिवाला धोका वगैरे. "नवरा पितो" हा अपवाद नव्हे. डॉक्टरला खरं सांगा.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या. एक, लठ्ठा, म्हणजे विषारी गावठी दारू. अहमदाबादेत २००९ मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली, बोटादकडे २०२२ मध्ये चाळीसहून जास्त. त्यात मिथेनॉल असतं. पिऊन काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात दुखतं, डोळ्यांपुढे धुरकट होतं. अशा प्रकरणात पोलिसांना कळवलं जातं, तरीही धावतच जायचं. डोळे आणि जीव दोन्ही तासांच्या हिशेबावर असतात. लठ्ठाकांडात उशीर होतो तो बऱ्याचदा ह्याच भीतीने.

दोन, जबरदस्तीने उचलून नेणारी "नशामुक्ती" केंद्रं. गाडी येते, चार पोरं उतरतात, माणसाला बांधून नेतात, घरच्यांना महिनाभर भेटू देत नाहीत. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ रोज येतो का, भेटता येतं का. साखळीने बांधणं याच कायद्याने बंद आहे. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर कलम ८९ प्रमाणे दाखल करता येतं, पण दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस.

विम्याचंही सांगतो, नाहीतर बिल आल्यावर भांडाल. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्या असं कायदा म्हणतो, पण बहुतेक पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. बारीक अक्षरं वाचा.

---

मी_बडोदेकर

ताई, सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, खर्च नाममात्र. आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. नाव ऐकून दचकू नका. आमच्या घरात लहानपणी "जास्त बोललास तर कारेलीबागेत टाकीन" असं आजी म्हणायची, म्हणून मी स्वतःच्या नैराश्यासाठी दोन वर्षं त्या रस्त्याने जायचं टाळलं. पाणीटाकीकडून वळसा घालायचो! गेलो तेव्हा ओपीडीत पुढे आमच्याच पोळीतले एक काका बसले होते. दोघांनीही एकमेकांना ओळख दाखवली नाही. आता दाखवतो.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, चोवीस तास, मोफत, भाषा निवडता येते. व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६. हे फक्त यजमानांसाठी नाही, तुमच्यासाठीसुद्धा.

---

खडूस_म्हातारा

काळा कोट यांनी कायद्याची माहिती दिली, ठीक. डॉक्टरांना एक विचारतो, विषय बदलल्याबद्दल क्षमस्व. मी रात्री झोपेसाठी अल्प्राझोलमची अर्धी गोळी घेतो. बारा वर्षं झाली. आता अर्धी पुरत नाही, एक लागते. मध्यंतरी मुलाकडे गेलो तेव्हा पाकीट घरी राहिलं, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि हात कापत होते. याचा त्या वाऱ्याशी काही संबंध आहे का?

---

मनोमन

आहे काका. वारा वेगळा, वाकणं तेच. आणि एका झटक्यात बंद करू नका, दारूसारखाच झटका येऊ शकतो. ज्या डॉक्टरने सुरू केली त्यांच्याकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, काही आठवड्यांत, लागले तर महिन्यांत, हळूहळू उतरवतात. निग्रह ठेवा जवळ, चिठ्ठीप्रमाणे गोळी कमी करायला तो उपयोगी पडतो.

जाता जाता एक आकडा. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९च्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही ना काही मदत मिळालेली होती. बाकीचे ३७ घरात निग्रह करत असतात.

---

फळा_खडू

मी शाळेत शिकवते, मुलाबद्दल लिहिते. पोळीतली_सून, त्या मुलाच्या डोक्यात आता दोन गोष्टी असतील. एक, मी पप्पांना पकडून दिलं. दोन, आधीच सांगितलं असतं तर. माझ्या वर्गात अशी मुलं हुशारीने ओळखू येतात: फार समंजस, फार नीटनेटकी, कधी काही मागत नाहीत. शिक्षक कौतुक करतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याला "तू पप्पांना वाचवलंस" असं सारखं म्हणू नका, तेही ओझंच होतं. पुढे बाबा घसरले तर तेही त्याच्यामुळे असं त्याला वाटेल. त्यापेक्षा, "आम्ही मोठ्यांनी खोटं बोलायला नको होतं" हे तुम्ही त्याच्यासमोर एकदा म्हणा. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, "माझ्याने काही होणार नाही" अशी भाषा आली तर सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने मनात नसलेलं येत नाही. दहावी आहे म्हणून हे मार्चनंतर बघू असं करू नका.

---

पोळीतली_सून (दिवाळीनंतर)

उत्तर द्यायला उशीर झाला. पावडर गटारात टाकली. नणंद बोलत नाही, चालायचंच.

सयाजीला जातोय दर पंधरवड्याला. पहिल्यांदा डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं? सासूबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "सोळा." मी आणि हे एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे फक्त शनिवारचं पिणं होतं तेव्हापासूनच त्यांना माहीत होतं.

मुलासमोर मी ते वाक्य म्हणाले. तो म्हणाला, "बरं," आणि पुस्तक उघडलं. मला वाटलं, वाया गेलं.

वसुबारसेच्या आधी गच्चीची साफसफाई काढली. हे एकटेच वर गेले. टाकीमागून, पत्र्याखालून, जुन्या झोपाळ्याच्या फळीमागून मिळून सतरा रिकाम्या बाटल्या निघाल्या. आता प्रश्न असा की दारूबंदीच्या राज्यात सतरा बाटल्या टाकायच्या कुठे? भंगारवाला पोळीतलाच, तो घेईल पण सगळ्यांना सांगेल. कचऱ्याच्या गाडीत टाकल्या तर खणखणाट. हे हताश होऊन पायरीवर बसले. मुलगा पुस्तक घेऊन वर आला, बघितलं, खाली जाऊन रद्दी आणि सुतळी घेऊन आला. दोघांनी एकेक बाटली पेपरात गुंडाळली. बोलणं काही नाही. "घट्ट बांध," एवढं ह्यांनी म्हटलेलं मी जिन्यातून ऐकलं.

रोज क्लासला जाताना तो दप्तरातून दोन नेतो आणि लांब कुठेतरी टाकतो. कुठे ते सांगत नाही. मी म्हटलं, पोराच्या दप्तरात नको, पप्पांनाच नेऊ दे. तेव्हापासून दोघं स्कूटरवर बरोबर जातात.

काल रात्रीपर्यंत पाच उरल्या होत्या.